नंबर नसलेलं वेटिंग: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

"मॅडम, वेटिंग कितीवर आहे?"

2025 चा गुढीपाडवा, 30 मार्चची संध्याकाळ. सकाळच्या स्वागतयात्रेच्या रांगोळ्या नौपाड्यात अजून पुसल्या नव्हत्या, आणि सणाच्या दिवशी एक अख्खं घर माझ्याकडे आलं होतं. बाबांनी खुर्चीत टेकण्याआधीच हा प्रश्न विचारला. आई काही बोलत नव्हती. मुलगी खिडकीकडे बघत होती. तिला इथे मनू म्हणू. हे तिचं खरं नाव नाही.

बाबा महाप्याला एका कारखान्यात नोकरीला. गाव रत्नागिरीकडचं. दर गणपतीला कोकणकन्येचं तिकीट काढणाऱ्या माणसाला वेटिंग म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. आकडा असतो, तो खाली येतो, आरएसी होतं, चार्ट लागला की कळतं. चाळीसवर असलं तर थांबायचं, तीनशेवर असलं तर एसटी बघायची. त्या हिशेबाने त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

मला सांगावं लागलं की अमेरिकेतल्या कॉलेजांच्या या वेटिंगला, वेटलिस्टला, आकडाच नसतो. पुढच्या अडीच महिन्यांत या घरात जे काही झालं, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

मी पूर्वी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आता परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांबरोबर बसते. मनू माझ्याकडे अकरावीत आली ती अर्जासाठी नाही, पाण्यासाठी. शिवाईनगरला राहते, उपवन तलाव चालत पाच मिनिटांवर. विसर्जनाआधी आणि नंतर तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता, आणि विंकलर पद्धतीचं अनुमापन कुणीतरी नीट दाखवायला हवं होतं. नमुना घेताना बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग चुकतं, हे तिला एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. अशी मुलगी आहे.

तिने अमेरिकेत आठ ठिकाणी अर्ज केले होते, सगळीकडे आर्थिक मदत मागून. मार्चअखेर चार नकार आले. एका मोठ्या सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिला पण मदत शून्य, म्हणून ते बाद. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजने प्रवेश दिला आणि सोबत वर्षाला 50,000 डॉलरचं अनुदान. उरलेल्या दोन ठिकाणी वेटलिस्ट. त्यातलं एक नाव असं की सोसायटीच्या वॉचमनलाही ते ऐकून माहीत असेल.

म्हणजे हातात एक खरी जागा होती. पण त्या संध्याकाळी ओहायोचं नावही कुणी काढलं नाही. तासभर बोलणं झालं ते फक्त त्या मोठ्या नावाबद्दल. वेटलिस्टचं पहिलं नुकसान हेच, आणि मी ते दरवर्षी बघते: न मिळालेली गोष्ट मिळालेल्या गोष्टीला झाकून टाकते.

आकडा का नसतो

बाबांना पटेपर्यंत मी हे तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं, म्हणून इथेही सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कॅपमध्ये, म्हणजे इंजिनीअरिंग वगैरेच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांत, मेरिट नंबर असतो, मागच्या वर्षीचा कटऑफ असतो, फेऱ्या ठरलेल्या असतात. माझ्या पुढचा माणूस सरकला की मी पुढे सरकते. अमेरिकेतल्या कॉलेजचं गणित निराळं आहे. तिथली मुलं एकाच वेळी दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करतात; कॉमन ॲप या सामायिक अर्जाच्या एकाच संकेतस्थळावरून वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. त्यामुळे प्रवेश दिलेल्यांपैकी खरोखर किती येतील याचा कॉलेजला अंदाज बांधावा लागतो. मुलांनी होकार कळवायची ठरलेली तारीख 1 मे. त्या दिवसानंतर कॉलेज मोजतं की जागा भरल्या का. भरल्या असतील तर वेटलिस्टमधून एकही मूल घेतलं जात नाही. नसतील तर कुठे खळगा पडलाय ते बघतात: भूगर्भशास्त्राला कमी मुलं आली का, पूर्ण फी भरणारी कमी पडली का, एखाद्या भागातून कुणीच नाही का. त्या खळग्यात जो बसेल त्याला बोलावणं जातं. बहुतेक ठिकाणी यादीला क्रम नसतो. म्हणून "मी कितवी?" या प्रश्नाला तिथल्या ऑफिसातही उत्तर नसतं. ते लपवत नाहीत.

अमेरिकेतल्या प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2019 च्या अहवालात सरासरी दिली होती: वेटलिस्टवर थांबायला तयार झालेल्यांपैकी सुमारे 20 टक्के मुलांना जागा मिळते, आणि सर्वांत कठीण कॉलेजांत 7 टक्क्यांच्या आसपास. पण सरासरी इथे फार उपयोगाची नाही. एकाच कॉलेजात एका वर्षी शेकडो मुलं घेतली जातात आणि पुढच्या वर्षी कुणीही नाही. बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं पत्रक प्रसिद्ध करतात. त्यात सी-2 या कलमाखाली तीन आकडे असतात: किती जणांना वेटलिस्ट दिली, किती जण थांबले, किती जणांना घेतलं. मागच्या तीन-चार वर्षांची पत्रकं शेजारी ठेवून वाचावीत. मनूच्या मोठ्या नावाच्या कॉलेजची पत्रकं मी ठेवली तेव्हा बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही गाडी कधी कधी सुटतच नाही."

एप्रिल

निकाल आले तेव्हा मनूची बारावीची परीक्षा संपली होती, सीईटी तोंडावर होती. इथे आईने मला जे सांगितलं ते मनूने सांगितलं नसतं: मुलगी रात्री झोपत नव्हती.

कारण साधं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि तिथलं ऑफिस बंद होतं तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच. येणारी प्रत्येक मेल याच वेळात येणार. मनू फोन उशाखाली ठेवून झोपायची. दोनला उठून कॉलेजचं पोर्टल, म्हणजे अर्जाची स्थिती दाखवणारं पान, उघडायची, साडेतीनला पुन्हा. एप्रिलमध्ये वेटलिस्टची हालचाल जवळजवळ नसते, 1 मेपर्यंत त्यांनाच काही माहीत नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी उघडायची.

मी तिला धीर धर वगैरे काही सांगितलं नाही. दोन गोष्टी ठरवल्या. फोन रात्री दहाला आजीच्या खोलीत चार्जिंगला जाईल. आणि पोर्टल दिवसातून एकदा, सकाळी सात वाजता, चहा पिताना उघडायचं. वेटलिस्टचं उत्तर सहसा कुठलं कॉलेज चार तासांत मागत नाही. बहुधा दोन-तीन दिवस देतात. त्यामुळे सकाळी सातला बघून सहसा काही हुकत नाही. पहिले चार दिवस तिने आजीच्या खोलीत चोरून जाऊन फोन बघितला. आजी जागी असायची आणि काही बोलायची नाही. पाचव्या दिवशी मुलगी झोपली.

आईचं दुःख वेगळं होतं. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या ग्रुपवर एकच विचारणा: "मनूचं कुठे झालं?" आईला वाटायचं, वेटिंग म्हणजे अर्धा नापास. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खरं तेच सांगा: एके ठिकाणी झालंय, मे महिन्यात ठरवू. त्यांनी तसं सांगायला सुरुवात केली, आणि 'एके ठिकाणी झालंय' हे वाक्य स्वतःच्या तोंडून रोज ऐकून त्यांना ते हळूहळू खरं वाटू लागलं. तोवर त्या घरात ते कुणी मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

पत्र

वेटलिस्टवर राहायचं तर पोर्टलवर तसा होकार द्यावा लागतो. तो दिला नाही तर नाव आपोआप जातं. त्यानंतर बहुतेक कॉलेजं एक पत्र स्वीकारतात, 'मला अजूनही यायचं आहे' असं सांगणारं. काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की काहीही पाठवू नका. तिथे खरंच काही पाठवू नये.

मनूचा पहिला मसुदा विनंतीअर्जासारखा होता. आपल्याला शाळेपासून तेच शिकवलेलं असतं: तरी कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. त्यात स्वप्न हा शब्द पाच वेळा होता. मी तिला विचारलं, जानेवारीत अर्ज गेल्यानंतर तू काय केलंस? ती म्हणाली, काही नाही, बोर्डाचा अभ्यास. मग थोड्या वेळाने म्हणाली, रविवारची रीडिंग घेत होते. परीक्षेच्या काळातही सकाळी सातला उपवनला जाऊन बाटली भरून आणायची, तिने एकही रविवार चुकवला नव्हता. ऊन वाढतं तसं पाणी तापतं आणि त्यात ऑक्सिजन कमी मावतो. जानेवारी ते एप्रिलचा तो उतार तिच्या वहीत आठवड्यागणिक नोंदलेला होता. पत्र त्या वहीबद्दल झालं. एक पान, एक आलेख, शेवटी एक वाक्य.

त्या शेवटच्या वाक्यावर आम्ही अडलो. 'प्रवेश दिलात तर नक्की येईन' असं लिहिलं तर वजन पडतं, हे खरं आहे. पण पैशांची मदत नसेल तर ती जाऊ शकणार नव्हती. म्हणून तिने लिहिलं: पुरेशी आर्थिक मदत मिळाली तर मी नक्की येईन. यामुळे शक्यता कमी झाली असेल का? असेल. परदेशी मुलांना प्रवेश देताना बहुतेक कॉलेजं पैशांची ऐपत बघतात, आणि वेटलिस्टपर्यंत येताना मदतीचा निधी बहुधा संपलेला असतो. तरीही मला ते वाक्य तसंच हवं होतं, आणि आजही माझं तेच मत आहे.

न्यू जर्सीतल्या मामांनी कॉलेजात फोन करायची तयारी दाखवली होती. त्यांना थांबवलं. नातेवाइकांच्या फोनने सहसा फायदा होत नाही.

26 एप्रिल

सीईटी आटोपल्यावर शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. आजीसकट सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती. मी एकच प्रश्न विचारला: समजा वेटलिस्ट हा प्रकारच नाही. मग 1 मेला काय कराल?

तीन वाटा होत्या. ओहायो. इथे राहून कॅपमधून इंजिनीअरिंग, नाहीतर चेंदणीला खाडीकाठच्या बांदोडकर महाविद्यालयात बीएस्सी. किंवा एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज. शेवटची वाट मनूनेच काढून टाकली. तोच अर्ज पुन्हा पाठवायला वर्षभर थांबण्यात तिला काही दिसत नव्हतं. इथे राहण्याला ती नाही म्हणत नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटलं. तिला पाण्याचं रसायनशास्त्र शिकायचं होतं आणि ते ठाण्यातही शिकता येतं.

मग पैसे. ओहायोचा वर्षाचा एकूण खर्च 74,000 डॉलर, अनुदान वजा जाता 24,000. डॉलर तेव्हा 85 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे वीस लाख चाळीस हजार. बाबांनी आदल्या रात्री वहीत मर्यादा लिहून ठेवली होती: वर्षाला वीस लाख, त्यात विमान आणि विमाही आला. त्यापुढे फ्लॅट गहाण टाकल्याशिवाय कर्ज मिळणार नव्हतं, आणि फ्लॅट गहाण टाकायचा नाही हे आईचं ठाम मत होतं. म्हणजे ओहायोही थोडं बाहेरच पडत होतं. पण मनूने एप्रिलच्या सुरुवातीलाच तिथे अनुदानाच्या फेरविचारासाठी लिहिलं होतं, पगाराच्या स्लिपा आणि आजीच्या औषधपाण्याच्या खर्चासह, आणि त्यांनी 2,000 डॉलर वाढवून दिले होते. आता आकडा 22,000 डॉलर, अठरा लाख सत्तर हजार. जेमतेम बसत होतं. हे छोटं कॉलेज तिच्यासाठी हलतंय, ही गोष्ट मनूने त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात घेतली असं मला वाटलं.

तरी बाबा घुटमळत होते. पाचशे डॉलर अनामत भरायची, म्हणजे साडेबेचाळीस हजार, परत न मिळणारे. मोठं कॉलेज जूनमध्ये हो म्हणालं तर ते बुडाले. मी काही बोलणार इतक्यात आजी बोलल्या.

"गॅसचा नंबर लावला होता आम्ही. सहा वर्षांनी आला. म्हणून सहा वर्षं चूल बंद नव्हती ठेवली, बाई."

ओहायोला हो म्हणायचं ठरलं. पण वेटलिस्टवरून नावं काढायची नाहीत, कारण तशी गरज नसते. एका ठिकाणी अनामत भरून दुसरीकडे वेटलिस्टवर राहणं पूर्णपणे नियमात बसतं. दोन ठिकाणी अनामत भरणं मात्र चूक आहे, त्यात एका मुलाची जागा उगाच अडते. मग आम्ही एका कागदावर लिहिलं: वेटलिस्टचं बोलावणं आलं तर दोन प्रश्न. वर्षाचा खर्च वीस लाखांच्या आत आहे का? बोलावणं 31 मेच्या आत आलं आहे का? दोन्हींना हो असेल तरच विचार. खाली चौघांच्या सह्या. धाकट्या भावाने पाचवी सही हट्टाने केली आणि कागद फ्रिजवर लावला.

तारीख का घातली ते बाबांना लगेच कळलं नाही. पुढे जे झालं त्यावरून कळलं.

1 मेला आपल्याकडे महाराष्ट्र दिन, बँका बंद, म्हणून अनामत 30 एप्रिलला भरली. 5 मेला बारावीचा निकाल लागला. कर्जाचं मंजुरीपत्र ओहायोच्या कॉलेजच्या नावावर घेतलं. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही, तेवढी एक बरी गोष्ट. मेच्या मध्यावर आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र, आला, मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे 350 डॉलर, व्हिसा अर्जाचा डीएस-160 फॉर्म, आणि बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली 9 जून. 27 मेला बातमी आली की अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं आहे. ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या त्यांच्या मुलाखती होणार होत्या. त्या आठवड्यात मला ठाण्याहून, कल्याणहून, वाशीहून आलेले फोन मी विसरणार नाही. वेटलिस्टची वाट बघत अनामत टाळलेली, आय-ट्वेंटी उशिरा मागवलेली मुलं होती ती. मनूला 9 जूनला व्हिसा मिळाला.

11 जून

बुधवारी सकाळी सात वाजता, चहा पिताना, मोठ्या नावाच्या कॉलेजची मेल. अभिनंदन. जागा आहे. मदत नाही. 72 तासांत कळवा.

मी पोचले तेव्हा मनू आणि आई दोघी रडत होत्या, आणि बाबा, वीस लाखांची रेघ ओढणारे बाबा, म्हणत होते, "गावची जमीन काढू."

वर्षाचा खर्च 92,000 डॉलर. अठ्ठ्याहत्तर लाखांवर. चार वर्षांचे तीन कोटींच्या पुढे. जमीन विकूनही दोन वर्षं निघाली नसती, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. पण तो आकडा त्या क्षणी त्यांना दिसत नव्हता. पोरीला इतक्या मोठ्या ठिकाणी बोलावलंय आणि बाप म्हणून आपण नाही म्हणायचं, एवढंच दिसत होतं. मी त्यांना दोष देत नाही. अशा वेळी नाही म्हणायला लागणारं बळ त्या सकाळी कुणाकडे नसतं, म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवायचं असतं.

तारखेचं कारणही समोर उभं राहिलं. नव्या कॉलेजचा नवा आय-ट्वेंटी, त्या नावाने पुन्हा कर्जाची मंजुरी, आणि व्हिसावर छापलेलं कॉलेज ओहायोचं. पहिल्यांदा देशात शिरताना व्हिसावरचं आणि आय-ट्वेंटीवरचं कॉलेज एकच लागतं. म्हणजे बहुधा पुन्हा मुलाखत, आणि नव्या तारखा त्या दिवशी बंदच होत्या. त्या 18 जूननंतर पुन्हा सुरू झाल्या, पण 11 जूनला हे कुणालाच माहीत नव्हतं. हो म्हणून ती ओहायोचीही जागा घालवून बसली असती, ही शक्यता खरी होती.

आईने फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. कुणी वाचला नाही. मनू तिच्या खोलीत गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मी निघून आले. तिथे थांबून मी काय केलं असतं? गुरुवारी रात्री तिने स्वतः नकार लिहिला. चार ओळी, आभार मानून. शुक्रवारी सकाळी मला पाठवला, वर फक्त: "मॅडम, पाठवलं."

दुसऱ्या कॉलेजची वेटलिस्ट जूनअखेर बंद झाल्याची मेल आली. तोवर घरात ते नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. इथे माझी चूक आहे. त्या कॉलेजबद्दल मनूला कधीच ओढ नव्हती. अर्ज मी सुचवला म्हणून केला होता. मार्चमध्येच मी तिला विचारायला हवं होतं की हे खरंच हवंय का, आणि नको असेल तर तिथला होकार द्यायलाच नको होता. एका नको असलेल्या दारावरही तिने एप्रिलच्या कित्येक रात्री कान ठेवला. शिवाय कॉमन डेटा सेट मी निकालानंतर उघडला. तो अर्ज भरतानाच उघडायला हवा होता, आणि मदत नसताना परवडणार नाही अशा जागेच्या वेटलिस्टला हो म्हणायचं का, हा प्रश्न 30 मार्चलाच टेबलावर यायला हवा होता. तसा आला असता तर 11 जूनची सकाळ त्या घरात उगवली नसती. कदाचित. बाबांनी त्या संध्याकाळी ऐकलं असतं का, याची मला खात्री नाही.

कॅपची नोंदणी सुरू झाली तेव्हा बाबा म्हणाले, भरून ठेवू, हजारभर रुपयांचा प्रश्न आहे. मनू नाही म्हणाली. व्हिसा हातात असताना कुणाची जागा अडवायची नाही, म्हणाली.

ऑगस्टच्या मध्यावर ती गेली. त्याआधीच्या रविवारी सकाळी भावाला घेऊन उपवनला गेली आणि बाटली पाण्याखाली तिरकी कशी धरायची, बुडबुडा कसा काढायचा ते त्याला तीन वेळा करायला लावलं. 27 ऑगस्टला गणपती बसले. दीड दिवसाच्या विसर्जनानंतरचं रीडिंग त्याने एकट्याने घेतलं आणि तिला पाठवलं. तिचं उत्तर आलं: बाटली परत भर, पुन्हा मोज.